परसातलं विष: टाकळा, कासविंदा आणि मोगली एरंडाची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे एसटीत हेडफोन घरीच विसरून बसलेत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय. फक्त माझा खोकला आणि मागून गेलेल्या ट्रकचे हॉर्न काढून टाकलेत.

ट्रकचे हॉर्न यासाठी, की हा भाग मी आमच्या गावी रेकॉर्ड केला. गाव खांब, तालुका रोहा, जिल्हा रायगड. मुंबई-गोवा हायवेने गेला असाल तर तुम्ही आमच्या गावावरून गेलायत. नागोठणं मागे पडलं की कोलाडच्या अलीकडे खांब लागतं. गणपतीत इथे ट्रॅफिकमध्ये अडकलात, तर या वेळी फोन खाली ठेवा आणि खिडकीतून रस्त्याच्या कडेला बघा. खणलेल्या मातीवर जे हिरवंगार माजलेलं दिसतं ना, त्यातलं काही आपण खातो, काही गुरं खातात, आणि काही खाल्लं तर दवाखान्यात जावं लागतं. तिन्ही शेजारी शेजारी उगवतात. आजची गोष्ट त्या तिसऱ्या जातीची.

मला ती गोष्ट कशी कळली, ते आधी सांगतो.

दिवाळीची सुट्टी

मी चौथीत होतो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार भावंडं आजीकडे. घरामागे परस, परसात अळू, केळी, एक लिंबू, आणि कडेने मोगली एरंडाचं कुंपण. त्याला फळं धरली होती. काही पिवळी, काही सुकून काळी पडलेली. सुकलेलं फळ फोडलं की आत दोन-तीन काळ्या बिया. बी सोललं की पांढरा गर. कोणीतरी एक खाऊन बघितली आणि म्हणालं, "अरे, शेंगदाण्यासारखी लागते!" खरंच तशीच लागते, थोडी गोडसर. मी तीन खाल्ल्या. धाकट्याने किती खाल्ल्या ते कोणी मोजलं नाही.

तासाभरात पहिली उलटी झाली. मग दुसऱ्याला, मग सगळ्यांना. मोठ्यांना वाटलं फराळाचं काहीतरी बाधलं. धाकट्याच्या खिशातून काळ्या बिया पडल्या तेव्हा उलगडा झाला. टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही चौघं पिळून काढलेल्या कपड्यांसारखे घरी आलो. नशीब बरं होतं.

आजी पडवीत बसली होती. म्हणाली, "कळलावी मी ओळखते, धोत्रा ओळखते, काजरा ओळखते. आणि माझ्याच कुंपणातलं मला कळलं नाही." दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिने कोयत्याने ते अख्खं कुंपण तोडलं. पुढे कित्येक वर्षं आम्ही गेलो की ती हा विषय काढायची आणि स्वतःलाच बोल लावायची.

हा भाग म्हणजे तिला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे. इतकी झाडं ओळखणाऱ्या बाईला हे एक झाड कसं कळलं नाही?

आजीला काय काय माहीत होतं

तिला बरंच माहीत होतं. जूनच्या तोंडाशी शेवळं यायची. आजही येतात. नागोठणं, कोलाड, रोह्याच्या बाजारात कातकरी आणि ठाकर बायका जुड्या घेऊन बसतात. शेवळं सुरणाच्या कुळातली. नुसती शिजवून खाल्ली तर घशाला अशी खाज सुटते की विचारू नका. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशात टोचतात. म्हणून शेवळांसोबत काकडं विकत घ्यायची. ती आंबट फळं भाजीत पडली की खाजेचा त्रास होत नाही. काकडं नसतील तर चिंच किंवा आमसूल. कुठला भाग काढून टाकायचा, किती उकळायचं, सगळं ठरलेलं. हे काही प्रयोगशाळेत ठरलं नाही. कितीतरी पिढ्यांचे घसे खाजले असतील, तेव्हा ही रेसिपी बनली.

मग कळलावी. श्रावण-भाद्रपदात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं दिसतात, ती. पानाचं टोक शेपटीसारखं वळलेलं असतं आणि त्यानेच वेल आधार पकडून चढते. आमच्याकडे गौरीच्या सणाला ती फुलं आणतात. देवीच्या मांडणीत चालतात, पण तोंडात घालायची नाहीत हे लहान पोरालाही माहीत. का? कारण नावातच सगळं आहे. संस्कृतात तिला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर, आणि जमिनीतला तिचा कंद नांगरासारखा वाकडा असतो. अग्निशिखा म्हणतात, ती फुलावरून. गर्भनुत् म्हणतात, म्हणजे गर्भ पाडणारी. मराठीत कळलावी, म्हणजे कळा लावणारी. भांडणं लावणाऱ्या माणसालाही आपण 'कळलाव्या' म्हणतो. झाडाच्या नावानेच धोक्याची पाटी लावून ठेवलीय.

तो कंद रताळं किंवा रानातला एखादा खाण्याचा कंद समजून खाल्ला गेला तर माणूस मरू शकतो. त्यात कोल्चिसिन असतं. पेल्तिए आणि काव्हाँतू या दोन फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी १८२० साली ते युरोपातल्या एका कंदातून वेगळं काढलं. त्याच दोघांनी १८१८ साली स्ट्रिक्निन शोधलं होतं, जे आपल्या काजऱ्याच्या बियांत असतं. आजीला रेणू माहीत नव्हता, पण परिणाम पक्का माहीत होता.

आणि गुंज! लाल बी, वर काळा ठिपका. सोनाराच्या तराजूत ८ गुंजांचा १ मासा आणि १२ माशांचा १ तोळा. म्हणजे ९६ गुंजा झाल्या की एक तोळा. ज्या बीने सोनं तोललं, तिच्यातच अॅब्रिन नावाचं जबरदस्त विष आहे. कवच टणक असतं म्हणून अख्खी गिळलेली बी बऱ्याचदा तशीच बाहेर पडते. फुटलेली किंवा वाटलेली मात्र घातक. इंग्रज काळातल्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत गुंजेची पेस्ट वाळवून केलेल्या सुयांची वर्णनं आहेत. कातड्यासाठी गुरं मारायला त्या वापरायचे.

थोडक्यात, जुनं विष लोकांना माहीत होतं. ते देवघरात होतं, सोनाराच्या पेटीत होतं, वैद्याच्या उपविषांच्या यादीत होतं, आणि चोराच्या कनवटीलाही होतं.

१५६३ सालचा पॉडकास्ट

चोराच्या कनवटीला म्हणजे धोत्रा. त्याची गोष्ट गोव्यात छापलेल्या एका पुस्तकात आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज डॉक्टर १५३४ साली गोव्यात आला. मुंबई बेट पुढे काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. हो, आपली मुंबई! १५६३ साली त्याने भारतातल्या औषधी वनस्पतींवर पुस्तक काढलं. गंमत म्हणजे ते संवादाच्या रूपात आहे. एक पात्र तो स्वतः आणि दुसरा रुआनो नावाचा पाहुणा डॉक्टर. रुआनो प्रश्न विचारतो, ओर्ता उत्तर देतो. आमचा पॉडकास्ट जसा चालतो ना, अगदी तसंच.

त्यात धोत्र्याचं प्रकरण आहे. जेवणातून धोत्रा देतात, माणूस भान हरपून हसत सुटतो, आणि तेवढ्यात किल्ल्या काढून घेऊन दागिने लंपास! १९व्या शतकात रस्त्यावरच्या प्रवाशांना धोत्रा देऊन लुटण्याचे इतके प्रकार झाले की इंग्रज डॉक्टरांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली. १८६०च्या भारतीय दंड संहितेत गुन्हा करण्यासाठी विष किंवा गुंगीचं औषध देण्यावर वेगळं कलम होतं, ३२८. तुमच्या आईने रेल्वेत 'अनोळखी माणसाकडून काही खाऊ नको' असं बजावलं असेल, तर त्या सल्ल्याला बराच जुना इतिहास आहे.

म्हणजे धोत्राही ओळखीचा. मग मोगली एरंडाचं काय?

मोगली एरंड मोगलांचा नाही

इथे खरी मेख आहे. मोगली एरंड मूळचा अमेरिकेचा. मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडच्या देशांतला. पोर्तुगीज जहाजांनी तो आफ्रिकेत आणि आशियात पसरवला असं मानलं जातं. केप व्हर्दे बेटांवर १९व्या शतकात त्याची मोठी लागवड होती. तिथलं बी लिस्बनला जायचं, साबणासाठी आणि दिव्याच्या तेलासाठी. आमच्या रोह्याची कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते, त्या रेवदंडा-कोर्लईला १७४० पर्यंत पोर्तुगीजच होते. आणि आपण मात्र झाडाला म्हणतो मोगली!

हा आपल्या भाषेचा जुना खेळ आहे. बाहेरून काही आलं की त्याला ओळखीच्या वस्तूचं नाव द्यायचं आणि पुढे एक परकं विशेषण चिकटवायचं. विलायती चिंच. मोगली एरंड. नाव मिळालं की वस्तू ओळखीची वाटायला लागते. एरंड आपल्याकडे होताच. एरंडेल आजीने आम्हाला नाक दाबून पाजलं होतं. मग मोगली एरंड म्हणजे त्याचाच कोणीतरी भाऊ.

लोकांनी त्याचा एकच गुण हेरला. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला उत्तम! आता विचार करा, गुरं तोंड का लावत नाहीत? उत्तर समोर होतं, पण माणसाने उपयोग बघितला आणि कारण सोडून दिलं. पुढे २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने याच बियांपासून डिझेल बनवण्याची मोठी योजना मांडली आणि रतनजोत या नावाने लागवडीला जोर आला. डिझेलचं स्वप्न फारसं पुरं झालं नाही, झाडं मात्र राहिली. शाळेजवळच्या झाडाच्या बिया खाऊन मुलांना उलट्या, ही बातमी महाराष्ट्रात अजूनही येत असते. ती वाचली की मला शेंगदाण्याची चव आठवते.

पन्नास वर्षांचा उशीर

असं एकटं मोगली एरंडाचंच झालं नाही. पिवळा धोत्रा बघा. काटेरी झाड, निळसर हिरवी पानं, त्यावर पांढऱ्या शिरा, पिवळं फूल, आणि तोडलं की पिवळा चीक. तोही अमेरिकेतला. आणि तो धोत्राही नाही, अफूच्या कुळातला आहे! त्याच्या बिया काळ्या, बारीक, अगदी मोहरीसारख्या. मोहरी गुळगुळीत असते, तर याच्या बीवर जाळीसारखी खडबडीत नक्षी असते. हा फरक भिंगातून चांगला दिसतो. पण घाणीत कोण भिंग घेऊन बसणार?

१८७७ साली कोलकात्यात एक विचित्र साथ आली. माणसांचे पाय सुजायचे, धाप लागायची, हृदय थकायचं. कोणी म्हणालं संसर्ग, कोणी म्हणालं तांदूळ. मोहरीच्या तेलात मिसळलेल्या पिवळ्या धोत्र्याच्या तेलावर संशय गेला तो १९२६ साली. म्हणजे जवळजवळ ५० वर्षांनी. आणि कारण कळूनही गोष्ट संपली नाही. १९९८ साली दिल्लीत याच भेसळीने ६० पेक्षा जास्त माणसं गेली आणि हजारो आजारी पडली.

तिसरा पाहुणा तुम्ही रोज बघता. गाजर गवत, उर्फ काँग्रेस गवत. आमच्या हायवेच्या कडेला जिथे माती उकरली तिथे हे हजर. १९५५ साली ते पुण्यात दिसलं आणि १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची नोंद छापली गेली. तुम्ही ऐकलं असेल की पीएल-४८० करारातल्या अमेरिकन गव्हातून ते आलं. पण तारखा बघा. भारताशी तो करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि गवत पुण्यात दिसलं त्याच्या आदल्या वर्षी! अमेरिकेचा गहू १९५१ सालीही आला होता, त्यामुळे धान्यातून आलं असेलही. पण पीएल-४८० वर खापर फोडता येत नाही. 'काँग्रेस' नावाचा दुसरा अर्थही सांगतात: पांढरी फुलं लांबून गांधी टोप्यांसारखी दिसतात म्हणून.

या गवताने लोकांची कातडी सोलवटली. पुण्यातल्या लोकांना चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर खाज आणि चट्टे यायला लागले. १९७०च्या दशकात त्यावर वैद्यकीय नियतकालिकांत लेख आले. त्याला खाणारा किडा अखेर १९८३ साली मेक्सिकोहून बंगळुरूला आणावा लागला. झाड आलं, पण त्याचा शत्रू मागेच राहिला होता.

आता तुम्हाला धागा दिसला असेल. झाड जहाजातून येतं, धान्याच्या पोत्यातून येतं. त्याच्यासोबत त्याची माहिती येत नाही. मेक्सिकोतल्या कुठल्यातरी आजीला जे माहीत असेल, ते पोत्यात भरून पाठवता येत नाही. कळलावीबद्दल आपल्या लोकांनी शेकडो वर्षं शिकून घेतलं होतं. नव्या झाडांची शिकवणी नव्याने लावावी लागली, आणि तिची फी लोकांनी आजारपणात आणि जिवात भरली.

टाकळा की कासविंदा?

आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. इथे जरा हेडफोन नीट लावा, किंवा डोळे चोळून वाचा.

पावसाच्या पहिल्या सरींनंतर परसात, पायवाटेवर, हायवेच्या कडेला टाकळा उगवतो. कोवळ्या टाकळ्याची भाजी, कांदा-लसूण आणि वर ओलं खोबरं, हे आमच्याकडे पावसाळ्याचं पहिलं सुख. फुकटचं आणि चविष्ट. पण त्याच जागी कासविंदा उगवतो. कुळ तेच, फूल तसंच पिवळं, पानांची मांडणी तशीच. कासविंदाही मूळचा अमेरिकेतला मानतात. त्याच्या बिया मुलांसाठी घातक आहेत.

किती घातक? पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनौर, सहारनपूर या भागात थंडीच्या तोंडावर लहान मुलं अचानक बेशुद्ध व्हायची आणि बरीच मरायची. वर्षानुवर्षं त्याला मेंदूज्वर म्हणत राहिले. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ आणि वेल्लोरचे डॉ. टी. जेकब जॉन यांनी पाठपुरावा केला, तेव्हा २००७च्या सुमाराला कळलं की मुलांनी कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खाल्ल्या होत्या. यकृत, स्नायू आणि मेंदू, तिन्हीवर घाला. मग २०१६ साली ओडिशातल्या मलकानगिरीत १०० हून जास्त मुलं गेली. तिथेही आधी फक्त जपानी मेंदूज्वराचं नाव आलं. मग डॉ. जॉन यांच्याच समितीने या बियांकडे बोट दाखवलं. ती मुलं गरीब, आदिवासी घरांतली होती.

आणि ओडियात या झाडाला म्हणतात बडा चाकुंडा. चाकुंडा म्हणजे टाकळा. म्हणजे शब्दशः 'मोठा टाकळा'! तीच मोगली एरंडाची गोष्ट. ओळखीचं नाव दिलं आणि परक्याला घरात घेतलं.

तर फरक असा. टाकळ्याच्या एका पानाला पानोळ्यांच्या तीन जोड्या असतात, आणि पानोळी टोकाकडे रुंद, गोलसर. कासविंद्याला चार, पाच, कधी सहा जोड्या, आणि प्रत्येक पानोळीचं टोक निमुळतं. टाकळ्याची शेंग लांब, दोऱ्यासारखी बारीक आणि कोयतीसारखी वाकडी. कासविंद्याची शेंग चपटी, आणि पिकली की मधे तपकिरी, कडेने फिकट. आणखी एक खूण: देठावर एक बारीक गाठीसारखी ग्रंथी असते. टाकळ्यात ती खालच्या पानोळ्यांच्या जोडीमध्ये असते, कासविंद्यात देठाच्या अगदी बुडाशी. वासावर जाऊ नका, दोघांनाही वास येतो. अगदी इवलंसं रोप असेल आणि पानं मोजता येत नसतील, तर खुडूच नका.

फोन, कातकरी काकी आणि मी

तुम्ही म्हणाल, फोनमध्ये अॅप आहे ना, फोटो काढायचा. मी काढला. एका रोपाचं नाव त्याने एकदा एक सांगितलं, बाजूने फोटो काढल्यावर दुसरं. अॅप वाईट नाही. फुलाचा स्वच्छ फोटो असेल तर बऱ्याचदा बरोबर सांगतं. पण भाजी आपण फुलावर आल्यावर खात नाही, कोवळी असताना खातो, आणि तेव्हा सगळी रोपं सारखीच दिसतात. नाव शोधायला अॅप वापरा. तोंडात घालायचं की नाही, हे त्याच्यावर सोडू नका.

कोणी काही खाल्लंच, तर घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका. १०८ ला फोन करा, आणि त्या झाडाची फांदी, शेंग किंवा उरलेल्या बिया पिशवीत घालून सोबत न्या. आमच्या वेळी धाकट्याच्या खिशातल्या बियांनीच डॉक्टरांचं काम सोपं केलं होतं.

या जुलैत मी कोलाडच्या बाजारात एका कातकरी काकींकडून टाकळा घेतला. विचारलं, "काकी, यात कासविंदा नाय ना?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की काय शहरातलं पोर आलंय! मग जुडीतलं एक पान उचललं, अंगठ्याने पानोळ्या दाबत मोजल्या: एक, दोन, तीन. "मोजून घे बाबा," म्हणाल्या. त्यांचं शास्त्र तीन सेकंदांत संपलं. कासविंदा बाहेरून आलेला, पण त्याच्याबद्दल कातकरी शिकले, आणि ते शिकणं त्या अंगठ्यात उतरलं.

आजी, तुझं काही चुकलं नव्हतं. शेवळांचं तुला तुझ्या आजीने सांगितलं, कळलावीचं नावानेच सांगितलं. मोगली एरंडाचं तुला सांगणारं कोणी नव्हतंच. तू ते कुंपण तोडलंस, त्या दिवसापासून आमच्या घरात ते सांगणारी पहिली माणूस तू झालीस. माझ्या पुतण्याला आता काळी बी दाखवली की तो हात मागे घेतो.

तुमच्या परसात, सोसायटीच्या कुंपणात, शाळेच्या मागे काय उगवलंय ते या आठवड्यात बघून या. घरात कोणी जुनं माणूस असेल तर त्याला सोबत न्या आणि तो जे सांगेल ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आवडलं तर हा भाग गावच्या ग्रुपवर टाका, विशेषतः जिथे लहान मुलं आहेत तिथे. पुढच्या भागात भेटू. तोवर, मोजून घ्या!